सोसायटीच्या मॅनेजरला परवाना लागतो का?

जळगावच्या महाबळ भागातली किंवा धुळ्याच्या देवपुरातली कुठलीही पाच मजली इमारत घ्या. तिथली लिफ्ट चालवायला विद्युत निरीक्षकाचा परवाना लागतो. मीटरच्या पॅनेलला हात लावणारा कंत्राटदार परवानाधारक असावा लागतो. गेटवरचा वॉचमन एजन्सीमार्फत आला असेल, तर त्या एजन्सीला २००५च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना हवा आणि वॉचमनचे प्रशिक्षणही झालेले हवे. केंद्राच्या नमुना नियमांत ते १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर, असे तासांत मोजून दिले आहे. इमारत उंच असेल, तर आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडूनच घ्यावा लागतो. हिशेब तपासणारा लेखापरीक्षक शासनाच्या नामिकेवरचा लागतो. फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटालाही आता सुटका नाही. महारेराने १० जानेवारी २०२३च्या आदेशाने त्याला २० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली.

या सगळ्यांना बोलावणारा, त्यांची बिले ठेवणारा, सभासदांची वर्गणी गोळा करणारा आणि सभेची नोटीस काढणारा जो सोसायटीचा मॅनेजर, त्याला मात्र काहीच लागत नाही. परवाना नाही, परीक्षा नाही, दहावीच्या गुणपत्रिकेची सक्तीसुद्धा नाही.

असे का, ते कळायला कायदा कुणाकडे पाहतो ते पाहावे लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० सभासदांना, सर्वसाधारण सभेला, व्यवस्थापन समितीला आणि तिच्या अध्यक्ष, सचिव, खजिनदाराला ओळखतो. २०१९ साली याच कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण १३ ब आले, कलम १५४ ब-१ पासून पुढे. त्यात सभासदत्व, थकबाकी, समिती, निवडणूक असे बरेच काही आहे, पण पगारी व्यवस्थापकाच्या शिक्षणाविषयी काही नाही. आदर्श उपविधी उघडलेत तर सचिवाच्या कामांची लांबलचक यादी सापडेल. सभा बोलावणे, इतिवृत्त लिहिणे, दप्तर सांभाळणे, वर्गणीची बिले देणे, पत्रव्यवहार करणे, समितीच्या मंजुरीने नोकरवर्गावर देखरेख ठेवणे ही सगळी कामे त्याचीच. प्रत्यक्षात यातली निम्म्याहून अधिक कामे मॅनेजर करतो. पण कायद्याच्या लेखी तो सचिवाच्या हाताखालचा माणूस आहे. सही सचिवाची आणि निबंधकाची नोटीस येते तीही सचिवाच्या व समितीच्या नावाने.

ही रचना शंभर वर्षांपूर्वीच्या कल्पनेवर उभी आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली, तेव्हा शेजाऱ्यांनी एकत्र येऊन आपले घर आपणच सांभाळायचे, हाच सहकाराचा अर्थ होता. मधल्या माणसाची कल्पनाच त्यात नव्हती. त्यामुळे आजही कायदा शिकण्याची सक्ती करतो ती मालकावर, नोकरावर नव्हे.

शिकवण्याचे कलम आहे २४ अ. ते २०१३च्या दुरुस्तीने आले. त्याआधी ९७वी घटनादुरुस्ती झाली होती आणि राज्याला आपला कायदा तिच्याशी जुळवून घ्यायचा होता. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीतला राज्यांतल्या सहकारी संस्थांविषयीचा भाग रद्द केला. तेव्हा काही सोसायट्यांत कुजबुज झाली, की आता प्रशिक्षण-बिशिक्षण सगळे गेले. ते गेले नाही. कलम राज्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे आणि तिथेच राहिले.

ते काय म्हणते? प्रत्येक संस्थेने आपल्या सभासदांसाठी, पदाधिकाऱ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी सहकार शिक्षण व प्रशिक्षणाची सोय करायची, तीही शासनाने अधिसूचनेने ठरवलेल्या संघीय संस्थांमार्फत किंवा राज्यस्तरीय प्रशिक्षण संस्थांमार्फत. समितीचा प्रत्येक सदस्य, निवडून आलेला असो वा स्वीकृत, त्याने हे प्रशिक्षण घ्यायचे. त्यासाठी संस्थेने दरवर्षी अंशदान द्यायचे. यातला ‘कर्मचारी’ हा शब्द वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मॅनेजर हा संस्थेचा पगारी कर्मचारी असेल, तर त्याच्या प्रशिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी संस्थेवर आजही आहे. सक्तीने शिकायचे ते समितीने, पण मॅनेजरला शिकवायचे नाही असे कायदा कुठेच म्हणत नाही.

पैशाची सोयही करून ठेवलेली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दरमहा दर फ्लॅटमागे १० रुपये शिक्षण व प्रशिक्षण निधी घेतला जातो. तुमच्या देखभालीच्या बिलावर ती ओळ शोधा, बहुधा सापडेल. २४ फ्लॅटच्या इमारतीत वर्षाचे २,८८० रुपये होतात, पाच वर्षांचे १४,४००. एवढ्यात सचिव आणि मॅनेजर दोघांचे वर्ग आरामात होतात. होते असे की ही रक्कम ताळेबंदात वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते, नाहीतर कुणी हुशार खजिनदार ती सर्वसाधारण खर्चात मिसळून टाकतो. लेखापरीक्षक शेरा मारतो, ‘ओ’ नमुन्यातल्या दोषदुरुस्ती अहवालात ‘पूर्तता करण्यात येईल’ असे लिहिले जाते आणि पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा येतो.

आता ज्याला हे काम पोटापाण्यासाठी करायचे आहे, किंवा निवृत्तीनंतर नीट करायचे आहे, त्याच्यासाठी शासनाने एक वाट करून ठेवली आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. पुण्याच्या सहकार आयुक्त कार्यालयातले जी.डी.सी. अँड ए. मंडळ दरवर्षी साधारण मे महिन्यात दोन परीक्षा घेते. पहिली प्रसिद्ध आहे, ती म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका, लोकांच्या तोंडी ‘जीडीसीए’. तिला सहा पेपर असतात. हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि व्यवस्थापन, सहकार कायदा, सहकारी बँका व पतसंस्था, असा तिचा पसारा आहे. कलम ८१ नुसार प्रमाणित लेखापरीक्षक व्हायचे, तर पदवी, ही पदविका, लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामापुरते ज्ञान लागते. म्हणून पतसंस्थांत, विकास सोसायट्यांत, जिल्हा बँकेत काम करणारी पोरे ही परीक्षा आवर्जून देतात.

दुसरी परीक्षा आहे सी.एच.एम., म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था व्यवस्थापन प्रमाणपत्र. ती नेमकी सोसायटीच्या मॅनेजरसाठी आहे. गृहनिर्माण संस्थेचे व्यवस्थापन, तिला लागू असलेले कायदे आणि तिचे हिशेब या तिन्ही अंगांनी उमेदवार तपासला जातो. अभ्यासक्रम मोठा नाही. कायदा, नियम आणि आदर्श उपविधी हे तिन्ही जवळ ठेवून कुणी नीट बसला, तर उन्हाळ्याआधी तयारी होते. खान्देशातल्या मे महिन्यात पंख्याखाली पुस्तक धरणे अवघडच, म्हणून आधीची म्हणतो. पात्रता, शुल्क आणि परीक्षा केंद्रे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत असतात आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. अधिक विचारायचे असेल तर जळगावला आणि धुळ्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांची कार्यालये आहेत, तिथे विचारा.

सी.एच.एम. हा परवाना नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. ते नसले तरी काम करता येते आणि असले म्हणून काम मिळेलच असे नाही. ते एवढेच सांगते, की या माणसाने कायदा एकदा तरी शेवटपर्यंत वाचला आहे. माझ्या मते तेवढे पुष्कळ आहे.

खान्देशात मॅनेजर कसले असतात, ते एकदा स्पष्ट सांगायला हवे, कारण मुंबई-पुण्याची कल्पना इथे लावून चालत नाही. पंधरा मजली टॉवर, तीनशे फ्लॅट, खाली कार्यालय आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण, असे दृश्य आपल्याकडे क्वचित. आपल्याकडचा मॅनेजर बहुधा तीनपैकी एका जातकुळीचा असतो. पहिले म्हणजे निवृत्त काका. भुसावळच्या रेल्वेतून, दीपनगरच्या वीज केंद्रातून, वरणगावच्या आयुध निर्माणीतून किंवा एखाद्या बँकेतून निवृत्त झालेले. सगळी इमारत त्यांना अण्णा नाहीतर आबा म्हणते. अक्षर सुंदर, पैशाला चोख, पण ‘आमच्या ऑफिसात असे चालायचे’ हाच त्यांचा कायदा. दुसरा म्हणजे हिशेबनीस. गावात गाळा घेऊन दहा-पंधरा सोसायट्यांचे हिशेब ठेवतो, बिले छापून देतो, मार्च संपला की सगळ्यांची दप्तरे एकदम त्याच्या टेबलावर येतात. तिसरा बिल्डरचा माणूस. इमारत पुरी झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे तोच सगळे पाहतो आणि सोसायटीची नोंदणी जितकी लांबेल तितका तो टिकतो.

याखेरीज खान्देशातली बरीच घरवस्ती सोसायटीच्या चौकटीत बसतच नाही. बिनशेती लेआउटमधले प्लॉट, त्यावर रो-हाउस किंवा बंगले, मधोमध ओपन स्पेस आणि त्यावर कुणाची तरी नजर, अशा कॉलन्या जळगाव-धुळ्यात ठिकठिकाणी आहेत. त्यांतल्या काही सहकारी संस्था आहेत, बऱ्याच नाहीत. काही इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र करून चालतात. तिथे सोसायटीऐवजी अपार्टमेंटधारकांची असोसिएशन असते आणि कारभार पाहणाऱ्या समितीला व्यवस्थापक मंडळ म्हणतात. ती सहकारी संस्था नसल्याने कलम २४ अ तिला लागू होत नाही, म्हणजे समितीच्याही प्रशिक्षणाचा प्रश्न उरत नाही. फ्लॅट घेताना आपली इमारत नेमकी कुठल्या कायद्याखाली आहे हे विचारणारे गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिले.

मग प्रशिक्षण नसले तर बिघडते काय? मॅनेजरचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, लेखापरीक्षण व्हायला हवे. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी आणि त्याच मुदतीत निबंधकाकडे वार्षिक विवरणपत्रे जायला हवीत. सभेची नोटीस मुदतीत निघाली नाही, विषयपत्रिकेत नसलेला मोठा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ घुसवून मंजूर केला, इतिवृत्त चार महिन्यांनी आठवून लिहिले, की नाराज सभासदाच्या हाती कोलीत मिळते. हे सगळे कागदाचे काम आहे आणि ते मॅनेजरच्या टेबलावर होते.

त्याहून महत्त्वाचे सभासदांचे रजिस्टर. ‘आय’ नमुन्यातल्या नोंदवहीत ज्याचे नाव, त्याला कायदा प्रथमदर्शनी सभासद मानतो. आपल्याकडे पोरे पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेलेली असतात आणि म्हातारी माणसे फ्लॅटमध्ये एकटी राहतात. वडील गेल्यावर दोन वर्षांनी मुलगा विचारायला येतो आणि कळते, की नामनिर्देशनाचा अर्ज दिला होता, पण रजिस्टरला त्याची नोंदच केली नाही. भावांत वाद असेल तर पुढची काही वर्षे न्यायालयात जातात. अण्णांनी अर्ज नीट फायलीत लावलेला असतो. पण समितीच्या सभेत तो ठेवून रजिस्टरात नोंद करायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

थकबाकीचेही तसेच. वर्गणी न भरणाऱ्याकडून वसुली करायची, तर कलम १५४ ब-२९ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे. पण त्यासाठी समितीचा ठराव, थकबाकीदाराला पाठवलेल्या नोटिसा आणि त्यांची पोच, खात्याचा महिनावार उतारा आणि व्याज कुठल्या उपविधीने लावले त्याचा आधार, एवढे सगळे जुळावे लागते. उताऱ्यात एका महिन्याचे व्याज दोनदा लागलेले निघाले, तरी सुनावणीत तारखा वाढत जातात.

काही आकडे मॅनेजरला तोंडपाठ असायलाच हवेत. सिंकिंग फंड, म्हणजे निक्षेप निधी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.२५ टक्के, त्यात जमिनीची किंमत धरायची नाही. दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, हे १ ऑगस्ट २००१ पासून ठरलेले आहे. फ्लॅट विकताना सोसायटीने घ्यायचे हस्तांतरण अधिमूल्य ९ ऑगस्ट २००१च्या आदेशाने गावाच्या दर्जाप्रमाणे बांधून दिले आहे. महानगरपालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये, अ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ब वर्गात १५,०००, क वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायतीत ५,०००. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी २००३ साली महानगरपालिका झाल्या, म्हणून तिथे पंचवीस हजारांची मर्यादा. भुसावळ नगरपालिका अ वर्गातली, म्हणून तिथे वीस हजार. याच्या वर ‘विकास निधी’, ‘देणगी’, ‘रंगकामाला हातभार’ अशा नावाने घेतलेला पैसा बेकायदा. कुटुंबातल्या कुटुंबात किंवा वारसाच्या नावावर हस्तांतरण होत असेल, तर अधिमूल्य घ्यायचेच नाही. हे माहीत नसलेला मॅनेजर संस्थेला अडचणीत आणतो, आणि माहीत असूनही मागणारा तर त्याहून जास्त.

दुरुस्तीच्या खर्चालाही हद्द आहे. आदर्श उपविधींप्रमाणे २५ सभासदांपर्यंतच्या संस्थेत समिती सर्वसाधारण सभेला न विचारता २५,००० रुपयांपर्यंत, ५० सभासदांपर्यंत ५०,००० आणि त्याहून मोठ्या संस्थेत एक लाखापर्यंत दुरुस्तीचा खर्च करू शकते. इमारतीचे वय १५ ते ३० वर्षे असेल तर पाच वर्षांतून एकदा, आणि तीस वर्षांच्या वर असेल तर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करून घ्यायची. जळगावात नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतींनी हा हिशेब आजच करून पाहावा.

आणि ठेवी. इथे खान्देशाला वेगळे सांगायला नको, असे वाटायला हवे होते. पतसंस्थांच्या पडझडीत जळगाव जिल्ह्यातल्या ठेवीदारांनी काय भोगले, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तरीही एक-दीड टक्का जास्त व्याज मिळते म्हणून सोसायटीचा सिंकिंग फंड ओळखीच्या पतसंस्थेत ठेवणारे अजून आहेत. कलम ७० ने संस्थेचा निधी कुठे गुंतवायचा ते ठरवून दिले आहे. जिल्हा मध्यवर्ती बँक किंवा राज्य सहकारी बँक, तीही लेखापरीक्षणात सलग तीन वर्षे अ वर्ग मिळवलेली, न्यासांच्या निधीला कायद्याने मोकळे असलेले रोखे आणि शासन परवानगी देईल ते इतर मार्ग. पतसंस्थेतली मुदतठेव त्यात बसत नाही. बुडाली तर कलम ८८ खाली चौकशी लागते आणि नुकसानभरपाई समितीच्या सदस्यांकडून वसूल होऊ शकते. ती पावती आणायला मॅनेजर गेला होता, या सबबीचा तिथे उपयोग नाही.

वस्तू व सेवा कराची भीती काही मॅनेजर उगाच घालतात. दरमहा दर सभासदामागे ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला तो लागत नाही आणि आपल्या दोन्ही शहरांत तेवढी वर्गणी घेणारी इमारत शोधावी लागेल.

परदेशात ही गोष्ट उलट्या बाजूने गेली आहे. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात दहाहून अधिक घरांचा किंवा वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त अंदाजपत्रक असलेल्या असोसिएशनचा कारभार पैसे घेऊन पाहायचा, तर राज्याचा परवाना लागतो. आधी १६ तासांचा अभ्यासक्रम, मग परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी आणि नंतर ठरावीक काळाने पुन्हा शिक्षण. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने, जिथे मिसिसागा-ब्रॅम्प्टनला आपली बरीच माणसे राहतात, १ नोव्हेंबर २०१७ पासून कॉन्डोच्या मॅनेजरला परवाना सक्तीचा केला. इंग्लंडमध्ये मात्र अशी सक्ती नाही. तिथे लॉर्ड बेस्ट यांच्या समितीने २०१९ साली तशी शिफारस केली होती. मजेची गोष्ट अशी, की फ्लॉरिडाने मॅनेजरला परवाना लावून कित्येक वर्षे झाल्यावर २०२४ साली घरमालकांच्या असोसिएशनच्या संचालकांनाही निवडून आल्यापासून ९० दिवसांत शिक्षण घेण्याची सक्ती केली. म्हणजे त्यांनी आधी नोकराला शिकवले आणि मग मालकाकडे वळले. आपण मालकाला शिकवण्याचा कायदा दहा वर्षे आधी केला आणि नोकर विसरलो.

मग आपल्याकडेही परवाना आणावा का? मला तसे वाटत नाही, निदान खान्देशासाठी तरी नाही. बारा-सोळा-चोवीस फ्लॅटच्या इमारतीत महिन्याला दोन-तीन हजार रुपये मानधनावर काम करणाऱ्या काकांना परवान्याच्या फेऱ्यात अडकवले, तर ते काम सोडतील. त्यांच्या जागी येईल ती परवानाधारक कंपनी, आणि तिचा दर ऐकून समिती पुन्हा सगळे सचिवाच्या बायकोच्या गळ्यात घालील. मोठ्या संस्थांची गोष्ट वेगळी. निवडणूक नियमांत २५० सभासदांपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांना वेगळी वागणूक आहेच. तीच रेषा धरून त्यावरच्या संस्थांतल्या पगारी मॅनेजरला सी.एच.एम. सक्तीचे केले, तर काही बिघडणार नाही. लहान संस्थांना सक्ती नको, पण त्यांनी स्वतःच विचारायला सुरुवात करावी.

नेमताना विचारायचे काय? सी.एच.एम. किंवा जीडीसीए आहे का, नसेल तर पुढच्या मे महिन्यात बसणार का आणि संस्थेने शुल्क भरले तर बसाल का. संस्थेचे उपविधी वाचले आहेत का, आणि वाचले असतील तर ‘आय’ रजिस्टर म्हणजे काय ते सांगा. एवढ्यात माणूस कळतो. नेमणूक लेखी हवी आणि समितीच्या ठरावाने हवी. त्यात कामांची यादी, पगार, कामाचे तास आणि सोडून जाताना दप्तर किती दिवसांत आणि कुणाच्या ताब्यात द्यायचे, ते लिहिलेले असावे. दप्तर इमारतीतच राहावे, हिशेबनिसाच्या गाळ्यात नाही. संगणकातल्या हिशेबाची प्रत दर महिन्याला खजिनदाराकडे यावी. बँक खात्यावर सही सचिवाची आणि त्याच्यासोबत अध्यक्षाची किंवा खजिनदाराची असते, मॅनेजरला ती द्यायची नाही. ऑनलाइन व्यवहाराचा पासवर्ड ‘अण्णांकडेच असतो’ हे उत्तर तर अजिबात चालणार नाही. समितीवरच्या माणसालाच पगारी मॅनेजर करायचा मोह अनेकांना होतो, कारण घरचाच माणूस बरा. पण संस्थेशी करारात आर्थिक हितसंबंध असलेला माणूस समितीवर राहू शकत नाही. त्याने खुर्ची तरी सोडावी नाहीतर पगार तरी.

मॅनेजर दप्तर घेऊन निघून गेला, किंवा जुनी समिती नव्या समितीला रजिस्टर देत नसेल, तर हात जोडत बसू नका. कलम ८० खाली निबंधक दप्तर जप्त करवून घेऊ शकतो. अर्ज साधा असतो, फक्त कोणकोणते रजिस्टर गहाळ आहे त्याची यादी नेमकी लागते. अशी यादी ज्या सोसायटीकडे तयार आहे, तिचा मॅनेजर चांगला होता असे खुशाल समजा.

नळाला पाणी केव्हा येणार, मोटर केव्हा चालू करायची, टाकी कोणी धुवायची, हेही मॅनेजरच पाहतो. जळगावात वाघूरचे आणि धुळ्यात तापीचे वा नकाण्याचे पाणी ज्या दिवशी सुटायचे त्या दिवशी हाच माणूस पहाटे उठलेला असतो आणि लोक त्याचे गुण तेवढ्यावर मोजतात. त्यात चूक काही नाही. पण पाण्याचे काम कुणीही दोन दिवसांत शिकतो आणि कागदाचे शिकायला वर्ग लागतो.

येत्या सप्टेंबरात तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा होईल. विषयपत्रिकेत दोन प्रश्न आधीच लेखी देऊन ठेवा. शिक्षण व प्रशिक्षण निधीत आजवर किती रुपये जमा झाले, आणि त्यातून समितीतल्या कोणी किंवा मॅनेजरने कोणते प्रशिक्षण कधी घेतले. पहिल्याचे उत्तर ताळेबंदातच असते. दुसऱ्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर त्याच सभेत मॅनेजरला पुढच्या सी.एच.एम. परीक्षेला बसवण्याचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.